टोपीखालचे विरजण

मराठीत ‘विरजण’ हा फार कामाचा शब्द आहे. दही लावायला आधी दही लागते. ते संपले तर वाटी घेऊन शेजारी जायचे, आणि शेजारच्या बाईनेही ते मागे-पुढे न बघता द्यायचे, असा आपल्याकडचा रिवाज. विरजण विकत आणल्याचे निदान आमच्या लहानपणी तरी कोणी ऐकले नव्हते. विलायतेत आणि अमेरिकेत घरच्या घरी बिअर बनवण्याचा छंद असलेली मंडळी ज्याला ‘स्टार्टर’ म्हणतात ते हेच. दुधाच्या जागी मोड आणून वाळवलेल्या सातूचे, म्हणजे माल्टचे, गोड पाणी आणि दह्याच्या जंतूंच्या जागी यीस्ट. बाकी सारे तेच. थोड्यातून पुष्कळ करायचे, त्यातले थोडे पुढच्या वेळेसाठी राखून ठेवायचे आणि मध्ये ते मरू द्यायचे नाही. या शेवटच्या गोष्टीचा, म्हणजे यीस्ट मरू न देण्याचा, इतिहास मोठा मजेदार आहे. त्यातले मोठे प्रकरण कोपनहेगनमध्ये घडले, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

सन १८४५. जेकब ख्रिश्चन याकोब्सेन नावाचा चौतिशीतला डॅनिश माणूस म्युनिकहून घोडागाडीने कोपनहेगनला परत चालला होता. अंतर जवळजवळ हजार किलोमीटर. बाप बिअर बनवणारा, धंदा वारशाने मिळालेला. पण डेन्मार्कमधली तेव्हाची बिअर पोराला पसंत नव्हती. ती उबेत, वर तरंगणाऱ्या यीस्टने आंबवलेली, लवकर आंबट होणारी आणि दर खेपेला वेगळी लागणारी. बव्हेरियात मात्र थंड तळघरात, पिंपाच्या तळाशी बसणाऱ्या यीस्टने बिअर बनवत आणि ती महिनोन्‌महिने मुरवत. स्वच्छ, टिकाऊ, चवीला एकसारखी. याकोब्सेनला ती हवी होती. कृती त्याने शिकून घेतली, पण नुसती कृती घेऊन काय करणार? विरजणच हवे. ते त्याला म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीच्या गाब्रिएल झेडलमायरकडून मिळाले.

हे यीस्ट त्याने पत्र्याच्या डब्यांत भरले आणि वाटेत घोडे बदलायला गाडी जिथे जिथे थांबे तिथे तिथे उतरून डब्यांवर गार पाणी ओतले. उन्हापासून वाचवण्यासाठी डबा आपल्या उंच टोपीखाली ठेवला होता असेही सांगतात. टोपीचा भाग दंतकथा म्हणून सोडून द्या, पण गार पाण्याची गोष्ट अगदी शहाणपणाची आहे. खायला काही नसलेले यीस्ट उबेत आपल्याच अंगातले साठे जाळत बसते, मग पेशी फुटतात आणि डब्यात नुसती वास मारणारी पेज उरते. थंडीत तेच यीस्ट झोपी जाते. आज छंदिष्ट आपली बाटली फ्रीजमध्ये चार अंशांवर ठेवतात. याकोब्सेनने तेच काम वाटेवरच्या विहिरींकडून करून घेतले, इतकाच फरक.

इथे झेडलमायरविषयी थोडे सांगायलाच हवे. १८३३ साली हा गृहस्थ व्हिएन्नाच्या आंटोन ड्रेहरला सोबत घेऊन इंग्लंडच्या ब्रुअऱ्या पाहायला गेला होता. यजमान आदराने सगळे दाखवत आणि हे दोघे पोकळ काठी हळूच पिंपात बुडवून आंबत्या रसाचा नमुना चोरत. मुक्कामावर जाऊन तो मोजून पाहत. चक्क हेरगिरी. आणि याच माणसाने बारा वर्षांनी एका परदेशी धंदेवाल्याला आपले यीस्ट देऊन टाकले! माणसे अशीच असतात, एका मापाने मोजता येत नाहीत.

याकोब्सेनने त्या यीस्टवर आधी शहरात बिअर केली, ती मुरवण्यासाठी कोपनहेगनच्या तटबंदीखालची तळघरे मिळवली, आणि १८४७ साली शहराबाहेरच्या टेकडीवर नवी ब्रुअरी उभी केली. तिला आपल्या पाच वर्षांच्या मुलाचे, कार्लचे, नाव दिले. कार्लची टेकडी म्हणजे कार्ल्सबर्ग. (याच कार्लने पुढे कोपनहेगनच्या बंदरात ‘छोटी मत्स्यकन्या’ बसवून घेतली. बापलेकांचे भांडण ही एक स्वतंत्र कादंबरी आहे, इथे नको.)

आता एक गोष्ट लक्षात घ्या. डब्यात आपण नेमके काय घेऊन चाललो आहोत हे १८४५ साली कोणालाच नीटसे सांगता आले नसते. बिअरमध्ये पाणी, सातू आणि हॉप्स याखेरीज काही घालू नये असे बव्हेरियातल्या १५१६ च्या प्रसिद्ध फर्मानात म्हटले आहे. त्यात यीस्टचा उल्लेखच नाही. मागच्या पिंपाचा गाळ पुढच्या पिंपात घालायचा हे सगळ्यांना ठाऊक होते, पण तो पदार्थ जिवंत आहे ही कल्पना नव्हती. हॉलंडच्या लेवेनहुकने १६८० साली आपल्या भिंगातून त्यातले गोळे पाहिले, पण ते सजीव असल्याचे त्याला उमगले नाही. १८३७ च्या सुमारास तीन शास्त्रज्ञ वेगवेगळ्या वाटांनी याच निष्कर्षाला पोचले की ही वाढणारी, अंकुर फोडणारी वनस्पतीसारखी काही वस्तू आहे. त्यावर लीबिग आणि व्होलर या जर्मन रसायनशास्त्रातल्या दिग्गजांनी १८३९ मध्ये एक टवाळीचा लेख छापला. त्यात यीस्ट म्हणजे साखर खाणारा आणि एका बाजूने दारू, दुसऱ्या बाजूने वायू सोडणारा चिमुकला प्राणी असे चित्र रंगवले होते. टवाळीच होती, पण गंमत अशी की खऱ्याच्या बरीच जवळ गेलेली टवाळी.

पाश्चरने हा वाद मिटवला. १८७६ च्या आपल्या बिअरवरच्या ग्रंथात त्याने दाखवले की बिअर नासते ती बाहेरून शिरलेल्या जंतूंमुळे. १८७०च्या युद्धात जर्मनांकडून झालेल्या पराभवाचा सल त्याच्या मनात होता. फ्रेंच बिअर जर्मन बिअरच्या तोडीची करून दाखवायची ही त्याची जिद्द त्यातूनच आली. याकोब्सेन पाश्चरचा मोठा भक्त. त्याने १८७५ साली कार्ल्सबर्गमध्ये स्वतःची प्रयोगशाळा काढली आणि पुढच्या वर्षी तिच्या पाठीशी एक न्यास उभा केला. प्रयोगशाळेसाठी त्याने घालून दिलेला नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. तिथे जे सापडेल, मग ते शास्त्राच्या कामाचे असो की धंद्याच्या, ते गुप्त ठेवायचे नाही. या नियमाची किंमत मोजण्याची वेळ पुढे आठच वर्षांत आली.

१८८३ साली कार्ल्सबर्गची बिअर बिघडली. कडवट चव, नकोसा वास. पाश्चरच्या शिकवणीप्रमाणे सगळे धुतले-पुसले होते, जंतू शोधूनही सापडत नव्हते. मग बिघडले कशाने? हे शोधणारा माणूस होता एमिल ख्रिश्चन हान्सेन, प्रयोगशाळेच्या शरीरक्रियाशास्त्र विभागाचा प्रमुख. १८४२ साली रीबे गावात गरीब घरात जन्मलेला. भिंती रंगवण्याचे काम केले, मास्तरकी केली, पैशासाठी लेखन केले, मित्राबरोबर डार्विनच्या प्रवासवर्णनाचा डॅनिश अनुवाद केला, आणि विद्यापीठाचे सुवर्णपदक मिळवले ते शेणावर उगवणाऱ्या बुरशांवरच्या निबंधाला. अशा माणसाला घाणीत हात घालायची भीती ती काय!

हान्सेनचे म्हणणे असे, की जंतू नसतील तर दोष खुद्द यीस्टमध्येच शोधावा. ज्याला आपण एक यीस्ट म्हणतो ते एक नसेल, अनेक जातींचा मेळा असेल. काही कामाच्या, काही घातकी, आणि सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या सारख्याच दिसणाऱ्या. आपल्या भाषेत सांगायचे तर दह्यात माशी पडली नव्हती, विरजणच मिसळीचे होते. हे सिद्ध करायचे तर एकच पेशी वेगळी काढून तिच्यापासून सारी प्रजा वाढवायला हवी. पण एक पेशी उचलायची कशी? मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान असते ती.

त्याने केलेली युक्ती वाचताना मला आजही आनंद होतो, कारण ती निव्वळ अंकगणिताची आहे. एका थेंबात किती पेशी आहेत हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. मग निर्जंतुक पाणी घालून ते द्रावण इतके पातळ करायचे की दोन मापांत सरासरी एकच पेशी यावी. असे एकेक माप पुष्कळ चंबूंमधल्या गोड रसात टाकायचे. सुमारे अर्धे चंबू रिकामेच राहतात, बाकीच्यांत एखादी, क्वचित दोन-तीन पेशी जातात. चंबू नीट हलवून मग अजिबात न हलवता ठेवून द्यायचे. पेशी तळाशी जिथे बसेल तिथेच तिचे कुटुंब वाढते आणि काही दिवसांनी काचेवर पांढरा ठिपका दिसतो. दोन ठिपके दिसले तर तो चंबू बाद. एकच ठिपका असेल तर ती सगळी एकाच आईची लेकरे. पुढे कॉखच्या पद्धतीचा धागा पकडून त्याने काचेवरच्या जिलेटिनच्या थरात एकेकटी पेशी हेरून, तिची जागा खुणावून, ती वाढताना डोळ्यांनी पाहिली. शंकेला जागाच उरली नाही.

कार्ल्सबर्गच्या यीस्टमधून त्याने अशा चार जाती वेगळ्या काढल्या. त्यातली एकच चांगली बिअर देत होती. कडवटपणा आणि वास एका रानटी जातीचा होता. तिला पाश्चरच्या नावावरून आधीच पडलेले ‘पास्टोरियानस’ हे नाव लागले. नोव्हेंबर १८८३ मध्ये एकाच पेशीपासून वाढवलेले शुद्ध यीस्ट ब्रुअरीच्या पिंपात घातले गेले, आणि बिअर सुधारली.

एका पेशीपासून पिंपभर, ही वाढ कशी होते याचा हिशोब करून पाहा. बुद्धिबळाच्या पटावरच्या तांदळाच्या दाण्यांची गोष्ट आठवते ना? एकाचे दोन, दोनाचे चार. अडतीस वेळा दुप्पट झाले की २७५ अब्ज पेशी होतात. पण हे एका दमात करून चालत नाही. मूठभर पेशी मोठ्या पिंपात सोडल्या तर त्या वाढून ताबा घेईपर्यंत हवेतला, भांड्याला चिकटलेला कोणीही उपटसुंभ आधी शिरकाव करतो. म्हणून छोट्या चंबूतून मोठ्या चंबूत, तिथून तांब्याच्या भांड्यात आणि मग पिंपात, अशी पायरीपायरीने वाढ करायची. हान्सेनने ब्रुअरीच्या क्यूले या व्यवस्थापकाच्या साथीने त्यासाठी एक यंत्रच तयार केले. आजचा छंदिष्ट आपल्या ओट्यावर करतो ते याच यंत्राचे बाळरूप.

त्याची कृती सांगतोच. एक लिटर पाण्यात शंभर ग्रॅम सुके माल्ट विरघळवून पंधरा मिनिटे उकळायचे. झाकून थंड करायचे, हाताला अजिबात कोमट लागता कामा नये. मग निर्जंतुक केलेल्या चंबूत ओतून त्यात यीस्ट घालायचे आणि तोंडावर पातळ पत्रा सैलसर बसवायचा. घट्ट बूच कधीही लावायचे नाही, वायू कोंडून बाटली फुटते. चुंबकाच्या फिरत्या काडीने किंवा येता-जाता हाताने ते ढवळत राहायचे, कारण नवीन पेशींची त्वचा घडायला प्राणवायू लागतो. एक-दोन दिवसांनी चंबू फ्रीजमध्ये ठेवला की यीस्ट तळाशी सायीसारखे बसते. वरचे पाणी ओतून द्यायचे, साय पिंपात. एवढा खटाटोप कशासाठी? वीस लिटर साध्या एल बिअरला सुमारे १८० अब्ज पेशी लागतात, लागरला त्याच्या दुप्पट. बाजारातल्या द्रव यीस्टच्या पाकिटात ताजेपणी शंभरेक अब्ज असतात आणि महिन्यागणिक त्या मरत जातात. कमी पेशींवर भार पडला की त्या कशीबशी वाढतात आणि बिअरला नको ते वास सोडतात. (आपल्याकडे परवान्याशिवाय दारू बनवणे अबकारी कायद्यात बसत नाही, तेव्हा हे ज्ञान म्हणून वाचावे. ब्रिटनमध्येही घरच्या बिअरवरचा परवाना १९६३ मध्ये उठला, अमेरिकेत तर १९७८ च्या कायद्याने.)

बनवण्याइतकेच जपणेही महत्त्वाचे. हान्सेनने शुद्ध जाती टिकवल्या त्या दहा टक्के साखरेच्या पाण्यात. साखर आहे, पण वाढायला लागणारे नायट्रोजनयुक्त अन्न नाही. त्यामुळे पेशी मरत नाहीत आणि माजतही नाहीत. असे चंबू वर्षानुवर्षे टिकले. आज प्रयोगशाळांत अगारच्या तिरप्या थरावर, ग्लिसरिन घालून उणे ऐंशी अंशांवर किंवा गोठवून वाळवून यीस्ट ठेवतात. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अशा औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. आणि यीस्टचा चिवटपणा किती म्हणाल, तर कार्ल्सबर्गच्या तळघरात सापडलेल्या हान्सेनच्या काळातल्या जुन्या बाटलीतून जिवंत पेशी मिळवून त्यांच्यापासून बनवलेली बिअर २०१६ साली कोपनहेगनमध्ये पाहुण्यांना पाजण्यात आली.

आता त्या नियमाकडे येतो. शुद्ध यीस्ट हाती आल्यावर याकोब्सेनला पेटंट घेऊन युरोपभर पैसा ओढता आला असता. तो यीस्ट वाटत सुटला. मागेल त्या ब्रुअरीला यीस्ट आणि पद्धत, दोन्ही. प्रतिस्पर्ध्यांनासुद्धा. आपल्यालाही ते म्युनिकहून असेच मिळाले होते हे तो विसरला नव्हता असे मला वाटते. त्याच प्रयोगशाळेत त्याच १८८३ साली केल्डालने नायट्रोजन मोजण्याची पद्धत शोधली आणि १९०९ मध्ये सोरेन्सेनने पीएचचे माप आणले. शाळेत लिटमसशी खेळलेल्या प्रत्येकाला हे नाव माहीत असते, पण ते माप बिअरवाल्याच्या पैशातून आले हे मास्तर सांगत नाहीत.

हान्सेनने १९०८ मध्ये आपल्या लाडक्या यीस्टला ‘कार्ल्सबर्गेन्सिस’ असे नाव दिले. नियतीचा खेळ पाहा. पुढच्या शास्त्रज्ञांनी जाती पुन्हा लावल्या, तेव्हा जगातली सगळी लागर यीस्ट ‘पास्टोरियानस’ या जुन्या नावाखाली गेली. म्हणजे ज्या नावाच्या चोराला हान्सेनने पकडून बाहेर काढले, तेच नाव आज घरधन्याला! शिवाय ही जात शुद्ध कुळातली नाहीच, दोन जातींचा संकर आहे. एक बाजू नेहमीच्या पाव-बिअरच्या यीस्टची. दुसरी बाजू कोणाची हे २०११ पर्यंत कोडे होते. त्या वर्षी ती अर्जेंटिनाच्या पॅटागोनियात, बीच झाडांवरच्या गाठींमध्ये सापडली.

शुद्धतेचे हे वेड सगळ्यांना पटले असे मात्र नाही. इंग्रज ब्रुअर म्हणत की एकाच जातीने बनवलेल्या आमच्या बिअरला ती जुनी चव येत नाही. ते हटवादी म्हणून हसण्यावारी गेले. पण कार्ल्सबर्गच्याच क्लाउसेनने १९०४ मध्ये दाखवले की त्यांचे बरोबर होते. पिंपात महिनोन्‌महिने मुरताना दुसरेच एक यीस्ट काम करत असते आणि ती खास चव त्याची असते. त्याला त्याने नावही ब्रिटनवरूनच दिले, ब्रेटॅनोमायसिस. हान्सेनच्या हिशोबात हा रानटी उपद्रवी ठरला असता.

आणि नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे शेतकरी तर हान्सेनच्या वाटेला गेलेच नाहीत. त्यांच्या घरगुती यीस्टला ते ‘क्वाइक’ म्हणतात, म्हणजे जिवंत, चेतवणारे. अनेक तुकडे गुंफून केलेले लाकडी कडे आंबत्या पिंपात बुडवायचे, मग टांगून वाळवायचे. पुढच्या सणाला तेच कडे नव्या रसात टाकायचे. फ्रीज नाही, चंबू नाही. कोणाचे यीस्ट बिघडले तर तो शेजारच्या शेतावर जाऊन मागून आणी. अलीकडच्या वर्षांत या जाती तपासल्या गेल्या तेव्हा लोक थक्क झाले, कारण त्या ३५ ते ४० अंशांवरही उत्तम काम करतात. म्हणजे आपल्या मे महिन्यात कौलांखाली असतो तेवढ्या उकाड्यात.

हे वाचताना मला आमच्या पोदेराची आठवण होणे साहजिक आहे. पोर्तुगीजांनी पाव आणला, पण यीस्ट कुठून आणणार? ते काम माडाने केले. पहाटे रेंदेराने उतरवलेली सूर पोदेर पिठात घाली, उंडो आणि पोळी तिच्यावर फुगत. ख्रिस्ती घरांतल्या सांनांनाही तीच लागे. हे विरजण हान्सेनच्या अर्थाने मुळीच शुद्ध नव्हे. त्यात कैक जातींची यीस्ट आणि कैक जंतू, शिवाय माडागणिक, ऋतूगणिक वेगळे. ती हलकी आंबूस चव या मेळ्याचीच होती. आज बहुतेक पोदेर पाकिटातले यीस्ट वापरतात. ते स्वस्त आहे आणि वेळेवर फुगते, सूर महाग झाली आहे आणि माडावर चढणारे रेंदेर कमी झाले आहेत. यात पोदेराला बोल लावण्यासारखे काही नाही. पहाटे तीनला भट्टी पेटवणाऱ्याला चवीच्या आठवणींवर धंदा करता येत नाही.

पण सुरेचे विरजण जपण्यासाठी कोणाला चंबू, साखरेचे पाणी किंवा लाकडी कडे लागले नाही, हे मला राहून राहून विशेष वाटते. नीरा हवी असेल तर मडक्याला आतून चुना फासतात, चुन्याने आंबणे थांबते. सूर हवी असेल तर चुना लावत नाहीत. कालच्या सुरेचा जो ओलावा मडक्याच्या भिंतीत मुरलेला असतो, त्यावर आजचा गोड रस ठिबकत राहतो आणि झाडावरच, कोणी काही न घालता, आंबायला लागतो. मडके रोज त्याच माडावर चढत राहिले पाहिजे, एवढीच त्याची अट.